पत्रादेवीपलीकडचे गिऱ्हाईक

कराची चर्चा आपल्याकडे बहुधा दरापाशी सुरू होते आणि दरापाशीच संपते. वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आले, तेव्हाही तेच घडले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल अथवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या लहान मोटारींवर तोवर २८ टक्के कर आणि त्यावर एक ते तीन टक्के भरपाई उपकर होता. त्याच्या जागी सरळ १८ टक्के आले. मोठ्या मोटारींवरील उपकर गेला व त्यांना ४० टक्क्यांचा एकच दर लागू झाला. विजेवरील मोटारींचा ५ टक्के दर होता तसाच राहिला. सुट्या भागांपैकी काहींवर १८ आणि पुष्कळांवर २८ टक्के अशी जी जुनी विभागणी होती, ती मोडून ट्रॅक्टरचे काही भाग वगळता सर्वांना १८ टक्क्यांच्या एका पंक्तीत बसविण्यात आले. ज्या क्लच प्लेटची मूळ किंमत हजार रुपये, ती १,२८० रुपयांना पडत होती, ती १,१८० रुपयांना पडू लागली. वृत्तपत्रांनी तक्ते छापले, शोरूमवाल्यांनी फलक लावले आणि ग्राहकाने समाधानाचा निःश्वास सोडला.

या समाधानात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात, आणि त्यातही मोबाइलच्या पडद्यावर चालणाऱ्या खरेदी-विक्रीत, कराचा दर किती याहून तो कोणत्या सीमेवर, कोणाकडून आणि किती कागद भरून घेऊन वसूल केला जातो, या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे. या प्रश्नाकडे आपल्या लोकप्रतिनिधींचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

मोटार आणि मोटारीचा सुटा भाग या दोन वस्तू दुकानात शेजारी शेजारी दिसल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या जाती भिन्न आहेत. मोटारीला नंबर असतो. सुट्या भागाला तो नसतो. नंबर असलेली वस्तू कोठेही खरेदी केली, तरी ती अखेर मालकाच्या गावच्या आरटीओ कचेरीच्या दारात उभी करावीच लागते आणि तेथे तिचा कर चुकत नाही. बेअरिंग किंवा ब्रेक पॅड मात्र कुरियरच्या पिशवीतून पत्रादेवीचा नाका निमूटपणे ओलांडून येते. त्यामुळे ऑनलाइन व्यापाराने नव्या मोटारीच्या बाजारात फारशी उलथापालथ केलेली नाही. संकेतस्थळावर नोंदणी केली तरी मोटार स्थानिक वितरकाकडूनच मिळते, वस्तू व सेवा कराचा दर देशभर एकच असतो, आणि रस्ता कर मालक ज्या राज्यात राहतो त्या राज्याच्या दराने भरावा लागतो. ज्याला आपण शोरूमची किंमत म्हणतो आणि ज्याला रस्त्यावरची किंमत म्हणतो, त्या दोहोंतील तफावत ही आता मुख्यतः या रस्ता कराची आणि विम्याची आहे.

जुन्या मोटारींची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तेथे ग्राहकाची फसगत होण्यास भरपूर वाव आहे. फोंड्याच्या एखाद्या गृहस्थाला पुण्यातील किंवा बंगळूरमधील एखादी मोटार संकेतस्थळावर दिसते. किंमत गोव्यातील तशाच मोटारीपेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी कमी असते. त्याला मोह होतो. परंतु त्या किमतीत पुढचे काहीच धरलेले नसते. मूळ आरटीओचा ना हरकत दाखला मिळवावा लागतो. मोटारीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला जोडावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी तेथला रस्ता कर भरावा लागतो. आधीच्या राज्याला एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळू शकतो, हे खरे. पण त्यासाठी अर्ज त्या राज्याच्या कचेरीत करावयाचा असतो, आणि सरकारी तिजोरीतून पैसा बाहेर काढणे किती जिकिरीचे असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. स्वस्ताई या वाटेवर बहुधा संपून जाते.

याच बाजारात दुसरी एक गफलत होते. संकेतस्थळावर जुनी मोटार विकणारा कोण आहे, यावर कर अवलंबून असतो, आणि पडद्यावर ते सहसा कळत नाही. एका मालकाने दुसऱ्या माणसाला आपली खाजगी मोटार विकली, तर त्यावर वस्तू व सेवा कर नाही. मधल्या कंपनीने केवळ गाठ घालून दिली असेल, तर तिच्या दलालीवर १८ टक्के कर लागतो. आणि कंपनीने मोटार स्वतः विकत घेऊन पुढे विकली, तर खरेदी आणि विक्री यांमधील फरकावर, म्हणजे तिच्या नफ्यावर, कर लागतो. पाच लाखांना घेतलेली मोटार सहा लाखांना विकली तर एका लाखावर १८ हजार रुपये. तोट्यात विकली तर काहीच नाही. हा दर पूर्वी लहान मोटारींसाठी १२ आणि मोठ्यांसाठी १८ टक्के होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे भरलेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत तो विजेवरील मोटारींसह सर्वांसाठी १८ टक्के करण्याचे ठरले. त्या वेळी केवढा गोंधळ उडाला होता हे वाचकांना स्मरत असेल. तोट्यात मोटार विकणाऱ्या सामान्य माणसालाही आता कर भरावा लागणार, अशी आवई उठली आणि समाजमाध्यमांवर काही दिवस तिचेच राज्य होते. निर्णय घेणाऱ्यांनी तो पहिल्याच दिवशी साध्या भाषेत सांगितला असता, तर हा मनस्ताप टळला असता.

आता सुट्या भागांकडे वळू, कारण खरे दुखणे तेथे आहे. मोटारीच्या सुट्या भागांचे आमचे दुकानदार ऑनलाइन व्यापारावर रुष्ट आहेत. त्यांचे म्हणणे असे, की ग्राहक दुकानात येतो, भागाचा क्रमांक विचारून घेतो, मोबाइलवर किंमत पाहतो आणि दिल्लीहून माल मागवतो. आमचा धंदा जातो आणि गोव्याचा करही बुडतो. या तक्रारीतील दुसरा भाग बरोबर नाही. तो पूर्वी बरोबर होता. केंद्रीय विक्रीकर कायदा, १९५६ प्रमाणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मालावरचा कर माल जेथून निघाला त्या राज्याकडे राहत असे. कारखाने ज्यांच्याकडे त्यांची चैन आणि माल वापरणाऱ्यांच्या नशिबी कोरडे ताट, अशी ती व्यवस्था होती. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि हे चक्र उलटे फिरले. आज दिल्लीच्या काश्मिरी गेट बाजारातील व्यापाऱ्याने मडगावच्या ग्राहकाला शॉक अॅब्सॉर्बर पाठवला, तर त्यावरील १८ टक्के एकात्मिक करातील निम्मा वाटा गोव्याच्या तिजोरीत येतो. माल जेथे वापरला जाणार तेथे कर, हे तत्त्व गोव्यासारख्या राज्यांच्या हिताचे आहे.

तक्रारीच्या पहिल्या भागाविषयीही थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. काउंटरवर उभे राहून सुटा भाग मागितला असता "बिल हवे असेल तर कर वेगळा पडेल" हे वाक्य ज्याने ऐकले नाही, असा वाहनधारक गोव्यात शोधूनही सापडणार नाही. बिनबिलाच्या विक्रीने काही दुकानदारांना जो लाभ मिळत होता, तो संकेतस्थळांनी हिरावून घेतला, कारण तेथे बिलाशिवाय वस्तू हलत नाही. त्या लाभाबद्दल आम्हांला सहानुभूती वाटत नाही. बिल म्हणजे ग्राहकाच्या हातातील एकमेव पुरावा. बनावट ब्रेक पॅड गळ्यात मारले गेले, तर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक असलेला कागदच कामी येतो. आणि बनावट माल संकेतस्थळांवरही मुबलक असल्यामुळे तो कागद तेथेही जपून ठेवावा. टॅक्सीचालक आणि मोटारसायकल पायलट यांनी तर तो आवर्जून ठेवावा. त्यांच्यापैकी बहुतेकांना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे १८ टक्के पूर्णपणे त्यांच्याच खिशातून जातात. निदान त्याबदली हमी तरी पदरात पडावी.

मात्र दुकानदारांच्या असंतोषाच्या मुळाशी एक खरा अन्याय आहे, आणि ते स्वतः त्याविषयी क्वचितच बोलतात. तो असा. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागत नाही. १ एप्रिल २०१९ पासून ही सवलत आहे. परंतु संकेतस्थळामार्फत माल विकायचा म्हटले, की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती सैल करण्यात आली. लहान व्यापाऱ्याने पॅन क्रमांक देऊन जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव नोंदविले, तर त्याला नोंदणीशिवाय ऑनलाइन विक्री करता येते. एक टक्का कर भरून सुटका करून घेणाऱ्या, म्हणजे आपसमेळ योजनेतील, व्यापाऱ्यांनाही त्याच दिवसापासून हे दार उघडले. अट एकच: विक्री आपल्या राज्याच्या आतच झाली पाहिजे. राज्याबाहेर एक जरी वस्तू पाठवली, तरी सवलत संपली.

राजस्थानातील किंवा उत्तर प्रदेशातील व्यापाऱ्याला ही अट जाणवतही नसेल. त्याच्या राज्याच्या आतच कोट्यवधी गिऱ्हाइके आहेत. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हापशाच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला काणकोणचे गिऱ्हाईक आपले आणि बांद्याचे परके, असा हा हिशेब आहे. वास्तविक बांदा त्याला काणकोणहून कितीतरी जवळ. डिचोलीच्या दुकानदाराची दोडामार्गशी सोयरीक आहे, त्याचे गिऱ्हाईक तेथून बाजाराला येते. पण कायद्याच्या लेखी दोडामार्ग आणि दिब्रुगड सारखेच. पोळ्याचा नाका ओलांडला की कारवार, चोर्ला घाट चढला की बेळगाव. विनोद असा, की हेच बांद्याचे गिऱ्हाईक एमएच-०७ नंबरची मोटारसायकल घेऊन म्हापशास आले, काउंटरवर पैसे मोजून क्लच केबल घेऊन गेले, आणि त्याचा पत्ता कागदावर चढला नाही, तर ती राज्यांतर्गत विक्री ठरते. तीच केबल कुरियरने त्याच्या घरी पाठवली की आंतरराज्य व्यापार होतो आणि दुकानदाराच्या मागे नोंदणी, विवरणपत्रे, हिशेब तपासनिसाची फी असे सारे शुक्लकाष्ठ लागते.

यात सर्वांत अधिक नुकसान कोणाचे होते, हे पाहिले पाहिजे. नव्या मोटारीचे भाग विकणाऱ्याला गिऱ्हाईक दारातच मिळते. पण गोव्यात जुन्या गाड्या जपणारे आणि त्यांचे भाग सांभाळून ठेवणारे मिस्त्री व दुकानदार आहेत. पोर्तुगीज अमदानीत युरोपातून आलेल्या मोटारी येथे काही घरांत अद्याप आहेत. अॅम्बॅसडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, येझदीचे १९९६ मध्ये. प्रीमियर पद्मिनीही आता आठवण होऊन बसली आहे. अशा गाडीचे एखादे दारखिडकीचे हँडल, एखादा कार्बुरेटर, एखादा मागचा दिवा यांना गिऱ्हाईक असते, पण ते एका गावात कधीच नसते. एक बेळगावात असतो, एक इंदुरात, एक बडोद्यात. हे विखुरलेले गिऱ्हाईक एकत्र आणणे, हीच तर ऑनलाइन बाजाराची खरी करामत. ती करामत ज्याच्या उपयोगी पडायची, त्या लहान माणसालाच कायद्याने पत्रादेवीला अडवून ठेवले आहे. मोठ्या व्यापाऱ्याला अडवलेले नाही. त्याची नोंदणी आहेच, त्याच्याकडे कारकून आहेत, संकेतस्थळाने मुळाशी कापून घेतलेला अर्धा टक्का कर तो पुढच्या विवरणपत्रात वळता करून घेतो. (हा दर १० जुलै २०२४ पूर्वी एक टक्का होता.) लहान माणसाला तो अर्धा टक्काही महिनाभर अडकलेले भांडवल वाटतो.

अमेरिकेने हाच प्रश्न कसा हाताळला, ते येथे पाहण्यासारखे आहे. तेथे विक्रीकर राज्यांचा आहे, आणि डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, ओरेगॉन व अलास्का या पाच राज्यांत तर राज्यव्यापी विक्रीकर मुळीच नाही. क्विल विरुद्ध नॉर्थ डाकोटा या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली असे ठरवले, की ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान किंवा गोदाम नाही, त्याच्यावर त्या राज्याला विक्रीकर वसूल करण्याची सक्ती करता येणार नाही. मोटारींना याचा फारसा फायदा झाला नाही, कारण नंबर घेताना मालकाच्या राज्याने कर घेतलाच. सुटे भाग मात्र टपालाने आणि पुढे संगणकावरून करमुक्त मिळू लागले. कायद्याने तो कर ग्राहकाने आपण होऊन भरावयाचा होता. तो किती जणांनी भरला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. कोपऱ्यावरचा दुकानदार कर लावून विकत होता आणि हजार मैलांवरचा विक्रेता न लावता. २१ जून २०१८ रोजी साउथ डाकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने आपलाच जुना निर्णय फिरवला आणि दूरच्या विक्रेत्यालाही कर लागू झाला.

पण त्याच साउथ डाकोटाच्या कायद्यात एक शहाणपण होते. त्या राज्यात वर्षाला एक लाख डॉलरहून कमी विक्री आणि दोनशेहून कमी व्यवहार असलेल्या बाहेरच्या विक्रेत्याला त्यातून वगळले होते. न्यायालयाने कायदा उचलून धरताना या सवलतीचीही दखल घेतली, आणि २०२३ मध्ये त्या राज्याने दोनशे व्यवहारांची अट काढून टाकून केवळ रकमेची मर्यादा ठेवली. म्हणजे तेथे लहान विक्रेता सीमेपलीकडे विकतानाही लहानच राहतो. आपल्याकडे तो सीमा ओलांडताक्षणी मोठा ठरतो.

असे करण्यामागे आपल्या कायदेकर्त्यांची भूमिका काय होती, तेही सांगितले पाहिजे. आंतरराज्य विक्रीतील कर दुसऱ्या राज्याला द्यावयाचा असतो. विक्रेत्याची नोंदणीच नसेल तर त्या राज्याला काहीच मिळणार नाही, आणि एकाच कुटुंबातील चौघांच्या नावे चार धंदे दाखवून मर्यादा चुकविणारे निघतील, ही भीती. शिवाय गोव्यातील नोंदणीकृत दुकानदार विचारील, की मग काश्मिरी गेटचा प्रत्येक लहान व्यापारीही गोव्यात बिनकराचा माल ओतणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. नोंदणी असलेल्या दुकानदाराने हजाराचा भाग १८० रुपये कर देऊन घेतला, दोनशे रुपये नफा धरून १,२०० ला विकला, तर ग्राहकाला तो २१६ रुपये करासह १,४१६ ला पडेल. दुकानदाराला आधीच्या १८० रुपयांची वजावट मिळेल. नोंदणी नसलेल्याला वजावट नाही. त्याला तो भाग १,१८० ला पडला. दोनशे नफा धरून तो १,३८० ला विकील. तफावत ३६ रुपयांची, तेवढीही त्याच्या नफ्यावरच्या कराची. सरकारचा मुख्य कर कारखानदाराकडून आणि घाऊक व्यापाऱ्याकडून आधीच जमा झालेला आहे. ३६ रुपयांच्या भीतीने हजारो लहान माणसांचा बाजार बंद ठेवणे हा व्यवहार आम्हांला पटत नाही. नावे वाटून घेऊन धंदा करणाऱ्यांची भीती संकेतस्थळाच्या बाबतीत तर सर्वांत कमी, कारण तेथील प्रत्येक विक्रीची नोंद आणि प्रत्येक पैशाची वाट बँकेतून आहे.

यात नवा पायंडा पाडण्याचीही गरज नाही. सेवा पुरविणाऱ्या लहान व्यावसायिकांना ठरावीक उलाढालीपर्यंत राज्याबाहेर सेवा देण्याची नोंदणीविना मुभा ऑक्टोबर २०१७ मध्येच मिळाली. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांनाही तशी सवलत आहे. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत परिषदेने अनेक राज्यांत संकेतस्थळांवरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सोपी नोंदणी योजना आणण्यास तत्त्वतः मान्यता दिली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि सोपी नोंदणी म्हणजे नोंदणीच. पणजीतील हिशेबनीस एका फेरीत जे काम करील, ते पेडण्याच्या मिस्त्रीला दिवसभराची मजुरी बुडवून करावे लागेल, आणि वर विवरणपत्रे चुकली तर विलंब शुल्क.

संविधानाच्या २७९-अ कलमाने जीएसटी परिषदेत राज्यांना मिळून दोन तृतीयांश मते दिली आहेत आणि ती सर्व राज्यांना समान वाटलेली आहेत. लोकसभेत गोव्याचे खासदार दोन आणि उत्तर प्रदेशाचे ८०. या परिषदेत मात्र गोव्याच्या मताचे वजन उत्तर प्रदेशाच्या मताएवढेच आहे. एकट्याने ठराव मंजूर करून घेणे शक्य नाही, कारण तीन चतुर्थांश मते लागतात. पण विषय मांडण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि सिक्कीम, त्रिपुरा, मेघालय यांसारख्या सीमेशी खेटून राहणाऱ्या लहान राज्यांना हे दुखणे सांगून समजावे लागणार नाही. मागणीही मोजकी आहे: संकेतस्थळामार्फत होणाऱ्या मालविक्रीला, नाव नोंदविलेल्या लहान विक्रेत्यापुरती, राज्याच्या सीमेची अट काढून टाकावी आणि मर्यादा केवळ रकमेची ठेवावी; ४० लाख जड वाटत असतील तर आंतरराज्य विक्रीपुरते दहा लाख ठेवावेत. गोव्याच्या वित्त खात्याने व्यापारी संघटनांना बोलावून, किती दुकानदार या अटीत अडकले आहेत याची मोजदाद करावी आणि तो कागद हाती घेऊन परिषदेच्या येत्या बैठकीस जावे.